मारीच्या डब्यातला टीसी

ड्रेस्डेन, १८ ऑक्टोबर

अहो,

फोन केला नाही, कारण फोनवर बोलण्याइतका आवाज उरलेला नाही. गैरसमज नको. इतकी वर्षं तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून गप्प होते, ते वेगळं. आता बोलायचं ठरवलं तरी घशातून सायकलची हवा गेल्यासारखं काहीतरी निघतं. म्हणून कागद. अरुंधती याचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवील. वाचणार नाही, असं तिनं कबूल केलंय. आपली सून आहे. वाचेल, आणि वाचलं नाही असं दाखवील. तेव्हा अरुंधती, तुला इथंच सांगून ठेवते, पानं क्रमानं पाठव. तुझ्या सासऱ्यांना क्रम चुकलेला चालत नाही.

बातमी आधी सांगते. लांबलचक प्रास्ताविकांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लंय, तुमचं खायला नको. फेब्रुवारीत माझ्या स्वरयंत्रात गाठ निघाली. हृषिकेशला म्हटलं होतं, कराडला कळवू नकोस, म्हणजे त्यानं कळवलंच असेल. वसंतात सहा आठवडे किरण दिले. टेबलावर निजवून तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवत, मान हलू नये म्हणून. त्या मुखवट्याआड मी मनातल्या मनात मारी क्युरीवरचं माझं भाषण म्हणत असे. जिनं रेडियम शोधलं तिच्यावरचं भाषण, तिच्याच किरणांखाली. तुम्ही लगेच म्हणाल, हल्ली त्यासाठी रेडियम वापरत नाहीत, यंत्रातून क्ष-किरण येतात. माहीत आहे हो. भाषणात शोभलं असतं, एवढंच.

गाठ गेली. सप्टेंबरात परत आली. आता डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढायचं, सगळं. मग गळ्याखाली एक भोक राहील आणि श्वास तिथून चालेल. पुढं एक छोटी झडप बसवतात. त्या भोकावर बोट ठेवलं की बोलता येतं म्हणे, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. नाही काढलं, तर वर्षभर. कदाचित तेवढंही नाही.

मी नाही म्हणणार आहे. हृषिकेशला वाटतंय आई विचार करतेय. आई विचार करत नाहीये. आईचा विचार झालाय.

तुम्ही विचाराल, हा कसला हट्ट. हट्टच आहे. मी आवाजावर जगले. ज्या गावांत बायका सभेला देवळाच्या पायरीवर, चपलांशेजारी बसत, त्यांना उठवून मी पुढच्या रांगेत बसवलं, त्या माझ्या पदवीकडे बघून नाही उठल्या, माझा आवाज ऐकून उठल्या. मुलीला अकरावीला घातलं म्हणून सांगायला घरी आलेल्या बाया तुम्ही पाहिल्यात, त्यांना चहा तुम्हीच करून दिलात. तो आवाज कापून बरणीत ठेवायचा, आणि उरलेल्या प्रभानं खिडकीत बसून ट्रामी बघायच्या? त्यापेक्षा आहे तेवढ्या आवाजात आहे तेवढे दिवस. दमलेय मी. भांडायलाही दम लागतो, म्हणून हे भांडण लिहून करते.

आणि आता त्या टीसीबद्दल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, असा तुमचा आरोप आहे ना? देते.

१८९१ साल. पोलंड रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं वाटून खाल्लेला. वॉर्साहून पॅरिसला शिकायला निघालेली मारी स्क्लोदोव्स्का. जर्मनीतल्या चौथ्या वर्गाच्या डब्यात बाकं नसत, म्हणून तिनं घरून घडीची खुर्ची घेतलेली. इथवर ग्रंथात आहे. मग माझा टीसी येतो. "कोणत्या देशाची?" "पोलंडची." "या नावाचा देश माझ्या नकाशावर नाही." ती म्हणते, "राहू दे तुमचा नकाशा. ते नाव मी दुसरीकडे लिहीन." इथं मी पाणी पीत असे. मग सांगायचं, सात वर्षांनी तिनं नवं मूलद्रव्य शोधलं आणि त्याचं नाव ठेवलं पोलोनियम. टाळी. विट्यात, वाईत, इचलकरंजीत, कुठंही. ही टाळी कधी चुकली नाही.

टीसी माझा आहे. मी केला. पोलोनियम खरं, खुर्ची खरी, नकाशा खरा, तो माणूस तेवढा माझा. कसलीही लाज नाही. पोरीला नाही म्हणणारा एक माणूस समोर दिसल्याशिवाय मागच्या रांगेतल्या बाईला पोलोनियम कळत नाही. मूलद्रव्याला चेहरा नसतो, म्हणून मी दिला.

तुम्ही हे भाषण स्वयंपाकघरात, एसटीत, टांग्यात ऐकत आलात. माझ्यासाठी ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास घेऊन तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसत आलात. आणि त्या संध्याकाळी आपल्याच गावच्या टाऊन हॉलमध्ये थर्मास खाली ठेवून उभे राहिलात. "माननीय वक्त्यांनी कृपया सांगावं, हा जर्मन टीसी त्यांना कोणत्या ग्रंथात भेटला?" मी म्हटलं, ज्यांना शंका आहे त्यांनी घरी येऊन विचारावं. सभा हसली. तुम्ही घरी येऊन विचारलंत. मी बॅग भरली.

बाकी सगळं सोडा. चारचौघांत का, एवढंच मला आजवर कळलेलं नाही.

आज धनत्रयोदशी. तुम्ही येऊ नका. हे फक्त कळवलं.

प्रभा


ड्रेस्डेन, २६ ऑक्टोबर

अहो,

तुम्ही वाचलंत. दोन निळ्या खुणा मला अरुंधतीनं दाखवल्या. उत्तर नाही. बरोबर आहे. संदर्भ शोधत असाल.

दिवाळी झाली. चकल्या तळताना धुराची घंटा वाजली आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपायच्या कपड्यांत वर आले. अरुंधतीनं त्यांना चार चकल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ते रिकामी बशी घेऊन पुन्हा आले. मला गिळायला त्रास होतो म्हणून माझ्या ताटात नुसती बासुंदी. नाकात चकल्यांचा वास आणि पुढ्यात वाटी.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. इथं प्रत्येक गोष्टीला टेर्मिन लागतो, म्हणजे आधी ठरवलेली वेळ. मरणाला तेवढा लागत नाही. डॉक्टरीणबाई पोलिश आहेत. डॉ. झेलिन्स्का, व्रोत्सवाफच्या, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले. मला हसूच आलं. पोलंडवर बोलण्यात हयात गेली आणि पोलिश माणूस पहिल्यांदा भेटला, तो माझा गळा कापायला.

हृषिकेशला राहवलं नाही. त्यानं सांगून टाकलं की माझी आई मारी क्युरीवर भाषणं देते, भारतात प्रसिद्ध आहे. बाईंनी संगणकावरून नजर न उचलता म्हटलं, "स्क्लोदोव्स्का-क्युरी." मग म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या जिन्यात तिचं चित्र होतं. वर्गात बोललं की बाई त्या चित्राकडे बोट दाखवायच्या. मला ती अजिबात आवडत नसे."

मला इतकं हसायला आलं की खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेला पुढं केला. मग काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना टीसीचा प्रसंग सांगितला, कुजबुजत, इंग्रजीत, मध्ये मध्ये थांबत. टाळीची जागा आली तेव्हा आवाज पुरता गेला होता. बाईंनी पेनाचं टोपण लावून सगळं ऐकलं.

"असं घडलं नसणार," त्या म्हणाल्या.

"नाही घडलं."

"मग?"

"घडायला हवं होतं."

त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. म्हणाल्या, त्यांच्या आजीचं गाव आता युक्रेनमध्ये आहे. त्या स्वतः जन्मल्या ते शहर आजीच्या तरुणपणी जर्मन होतं. त्यांच्या घरात नकाशावर कुणी बोललं नाही, सामान बांधलं आणि निघाले. मग म्हणाल्या, गेल्या आठवड्यात एका नव्या रुग्णानं त्यांचं आडनाव ऐकलं आणि कोपऱ्यातली बादली घेऊन जायला सांगितलं. त्याला वाटलं साफसफाईला आल्यात. "मी त्याला काय म्हटलं असेन, तुमच्या मते?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडे असतातच. एक तर अशी होती की सभा उभी राहिली असती. बाईंनी तिन्ही ऐकली.

"मी म्हटलं, सांगते कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "मग कोट घातला आणि त्याचा घसा तपासला."

एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य नव्हतं.

त्यांनी ऑपरेशनसाठी तेरा नोव्हेंबर ही तारीख दिली आहे. त्यानंतर गाठ कुठवर गेलेली असेल, सांगता येणार नाही म्हणाल्या. संमतीच्या कागदावर सही हवी. मी सही न करता कागद पिशवीत टाकला. बाहेरच्या लांब बोळात हृषिकेश पहिल्यांदा माझ्यावर चिडला. इतके दिवस त्याचं आपलं "जा, गेनाऊ, आई, तुझं बरोबर आहे" चाललं होतं, म्हणजे हो, अगदी. जर्मनीत राहून तो एवढं एकच शिकलाय, समोरच्याला हो म्हणत म्हणत आपलंच करायचं. त्या दिवशी हो संपलं. चिप बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर तोंडाला मास्क लावून बसणारा मुलगा, घरीही फारसा बोलत नाही, तुमच्यावर गेलाय. तो म्हणाला, "आई, तू गप्प असलीस की कशी असतेस, ते मला माहीतच नाही. एकदा बघू दे की."

मी पिशवी घेऊन दाराकडे चालू लागले. घसा दुखत होता.

तुम्हाला हे का सांगते? तुम्ही त्याच्या बाजूचे आहात, मला ठाऊक आहे. जगातले सगळे कमी बोलणारे एका बाजूला असतात. पण मी सांगते, मी न बोलणारी प्रभा पाहिलेली आहे. त्या टाऊन हॉलच्या रात्री बॅग भरत होती ती. कुणाला दाखवावी अशी नाही.

तेराला जाणार नाही.

प्रभा


ड्रेस्डेन, ८ नोव्हेंबर

अहो,

तुमचं उत्तर मिळालं. चार मुद्दे, प्रत्येकाला आकडा. बायको मरायला टेकलीय आणि हा माणूस एक, दोन, तीन, चार लिहितो. अरुंधती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणजे वाचते ती.

मुद्दा एक. किरणांची एकूण मात्रा, त्या ग्रे नावाच्या मापात, किती होती? विचारून कळवते. तुम्हाला ती माहिती कशाला हवीय ते मात्र कळवा. गाठीला प्रश्न विचारणार आहात का?

मुद्दा दोन. पासपोर्ट नवा केलात आणि मुंबईला व्हिसाची वेळ घेतलीत. मी येऊ नका लिहिलं होतं. तुम्ही आयुष्यभर माझं लिहिलेलं तपासत आलात, हे एक मात्र न तपासता खोडलंत.

मुद्दा तीन. इथं मला थांबावं लागलं. अरुंधतीला म्हटलं, मोबाइल इथंच ठेव आणि तू आत जा.

तुमच्या कॉलेजातली एक मुलगी. नाव तुम्ही लिहिलं नाही, तिनं सांगू नका म्हटलं म्हणून. निबंधाच्या स्पर्धेत तिनं मारीवर लिहिलं, त्यात माझा टीसी घातला, आणि व्यासपीठावर वाचून दाखवला. परीक्षकांनी विचारलं, हे कुठं वाचलंस? ती म्हणाली, प्रभाताईंच्या भाषणात ऐकलं. परीक्षक म्हणाले, म्हणजे कुठंच नाही. सगळे हसले. ती मुलगी पुन्हा कधी व्यासपीठावर चढली नाही. तिनं येऊन तुम्हाला सांगितलं, तुमची सौ. म्हणून माझ्याविरुद्ध काही बोलली नाही, फक्त विचारलं, "सर, तो खरंच होता का?"

टाऊन हॉलच्या सभेआधी, त्याच आठवड्यात तुम्ही मला हे सांगायचा प्रयत्न केलात, असं लिहिता. मला आठवत नाही. मला आठवत नाही हेच कदाचित तुमचं म्हणणं असेल. मग खाली ते वाक्य. "घरी तू ऐकत आहेस असं मला कधी वाटलं नाही. सभेत निदान प्रश्नोत्तरांचा तास असतो."

अहो, मी सभागृहं गाजवली. माझ्यावर अंडी फेकायला आलेल्यांना मी खुर्चीवर बसवलं. पण असलं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. काल रात्रीपासून उत्तर शोधतेय. एकही तयार नाही. माझं मत बदलेल असं समजू नका. मागच्या रांगेसाठी मी पुन्हा टीसी उभा करीन. पण ती मुलगीही मागच्याच रांगेतली होती ना. हे दोन्ही एकदम धरता येत नाही मला. पूर्वी आलं असतं, जोरात बोलून.

मुद्दा चार. तुम्ही, काल, मारीच्या वाढदिवसाला, मुलींच्या कॉलेजात भाषण दिलंत. तुम्ही. सत्कारातला नारळ हातात पडला की तो ठेवायचा कुठं हे ज्याला कळत नाही, तो माणूस. मी असते तर थर्मास घेऊन तिसऱ्या रांगेत बसले असते आणि तुमची अक्षरं मोजली असती. चोरून चालणारं फिरतं विद्यापीठ सांगितलंत, जिथं रशियन पोलिसांची नजर चुकवून मुली शिकत. पॅरिसच्या विद्यापीठातला, सॉर्बोनचा प्रसंग सांगितलात का? नवरा गेल्यावर त्याच्या जागी वर्ग घ्यायला ती आली, लोक श्रद्धांजलीची वाट बघत बसले, आणि तिनं तो जिथं थांबला होता तिथून पुढं शिकवायला सुरुवात केली. ग्रंथात आहे. भिऊ नका.

आणि मग तुम्ही टीसी सांगितलात.

तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. "हा प्रसंग कोणत्याही ग्रंथात नाही. तो प्रभाताईंच्या भाषणात आहे आणि मी तो त्यांच्या नावानं सांगतो." त्याखाली तुम्ही लिहिलंत, टाळी पडली, पण तुझ्याएवढी नाही. पाणी प्यायला थांबायचं विसरलो.

प्राध्यापक, पाण्यासाठी थांबायचं तिथंच सगळं असतं. तुम्ही थर्मास उघडून द्यायचात म्हणून मला ते जमायचं.

पोलंडचा संगीतकार शोपँ वारला पॅरिसमध्ये, त्याचं हृदय बहिणीनं वॉर्साला नेलं. हे मी व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी सांगत असे आणि बायका पदर डोळ्याला लावत. आता वाटतं, ती बहीण तेवढा प्रवास काय बोलत असेल बरोबरच्या लोकांशी. बहुधा काहीच नाही. नुसतं सांभाळून नेलं असेल.

तेराचं म्हणाल, तर उत्तर तेच आहे. तुमचे चारही मुद्दे मिळाले. नकार मी डॉक्टरीणबाईंना समक्ष देईन. फोनवर नकार देणं मला कधी आवडलं नाही, आणि आता तर जमतही नाही.

प्रभा


ड्रेस्डेन, १२ नोव्हेंबर

अहो,

सकाळी एकटीच निघाले. हृषिकेश कामावर होता, अरुंधतीला खोटं सांगितलं की बागेत जाते. बारा नंबरची ट्राम. थंडी अशी की रुमालातून आत आलेला श्वाससुद्धा घशाला टोचत होता. इस्पितळात जाऊन बाईंच्या टेबलावर तो कोरा संमतीचा कागद ठेवायचा आणि एका वाक्यात नाही म्हणायचं, एवढं ठरलेलं. तेवढं वाक्य पुरावं म्हणून कालपासून कुणाशी बोललेही नव्हते.

तिसरा थांबा गेला आणि एक बाई उठून उभी राहिली. राखाडी जाकीट, पाठीला पिशवी. मला वाटलं उतरणार. तिनं खिशातून बिल्ला काढला. इथले टीसी असेच, साध्या कपड्यांत बसतात. माझ्याशी आली. माझा महिन्याचा पास मोबाइलमध्ये असतो. मोबाइल काढला. बंद. थंडीनं की माझ्या विसरभोळेपणानं, कुणास ठाऊक, पडदा काळा.

तोंड उघडलं. माझ्याकडे पास आहे, एवढंच सांगायचं होतं. फुस्स असा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

तुमच्या लक्षात येतंय का? जर्मनी. डबा. टीसी. जो प्रसंग मी आयुष्यभर रंगवला तो माझ्यापुढं राखाडी जाकीट घालून उभा होता, आणि माझ्या तोंडात एक शब्द नव्हता. मला मात्र तिचं पुढचं वाक्य पाठ होतं. कोणत्या देशाची? मी वाटच बघत होते. खरं सांगते, मी ते वाक्य तिच्या तोंडून मागत होते.

ती म्हणाली, "लासन झी झिख त्साइट."

एवढं जर्मन मला येतं. सावकाश होऊ द्या. घाई नाही.

आणि वरच्या दांडीला धरून ती उभी राहिली. एक थांबा गेला. लोक चढले, उतरले. दुसरा गेला. ती नजर माझ्यावर रोखून नव्हती, खिडकीबाहेर बघत होती, मला अवघडायला होऊ नये म्हणून असेल किंवा पाय दुखत असतील म्हणून असेल. पण जागची हलली नाही. मी पिशवी चाचपली, संमतीचा कागद हाताला लागला, तो काढून तिला दाखवला आणि गळ्याकडे बोट केलं. तिनं तो वाचला. मान हलवली. मग चिठ्ठी लिहून दिली, पास कचेरीत येऊन दाखवा म्हणून. सोडलं नाही हं. नियम म्हणजे नियम. तुम्हाला फार आवडली असती.

उतरून मी थांब्यावरच्या बाकावर बसले. रडले नाही. दम लागला होता नुसता. अहो, माझ्या टीसीला इतक्या वर्षांत ते वाक्य सुचलं नाही. मी त्याला नकाशा दिला, उर्मट आवाज दिला, मिशासुद्धा दिल्या होत्या मधली काही वर्षं. त्याला थांबायला मात्र दिलं नाही. माझ्या भाषणात कुणीच कुणासाठी थांबत नाही. उत्तरासाठी सगळे टपलेले असतात, मी धरून.

आणि दुसरं. माझा आवाज आजच गेलेला होता. कापायच्या आधीच. ट्राममध्ये जी बसली होती ती बरणीत ठेवल्यानंतरचीच प्रभा. तिला मी इतकी घाबरत होते, आणि लोकांनी तिला काय केलं? वाट बघितली, चिठ्ठी दिली, आणि कुठं उतरायचं ते बोटानं दाखवलं.

बाईंच्या टेबलावर मी कागद ठेवला. त्यांना वाटलं नकार, चेहऱ्यावरून. मी त्यांच्याच पेनानं सही केली. त्यांनी विचारलं, काय झालं? मी उरलासुरला आवाज गोळा करून म्हटलं, ट्राममध्ये टीसी भेटली.

"तिकीट नव्हतं?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. तुमच्या धर्तीवर. स्पष्टीकरण न देता.

उद्या सकाळी ऑपरेशन. हृषिकेश आता शेजारच्या खोलीत माझी बॅग भरतोय आणि दर पाच मिनिटांनी येऊन विचारतोय, आई, हे घेऊ का, ते घेऊ का. मी नुसती मान हलवते. त्याला जे बघायचं होतं ते दिसतंय बहुधा. चहा त्यानंच केला, कोमट, मला गिळवेल असा, आणि मी पिऊन होईपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिला.

आता तुमच्यासाठी. तुम्ही भाषण पुन्हा देणार, मला माहीत आहे, एकदा टाळी ऐकलेला माणूस सुटत नाही. तर पुढच्या वेळी टीसी बदला. मारीच्या डब्यात माझा मिशीवाला येऊ दे, तो माझ्या नावावर आहे. पण त्यानंतर मुलींना सांगा की प्रभाताईंना पुढं एक खरी टीसी भेटली, आणि ती काय म्हणाली ते सांगा. संदर्भ: ड्रेस्डेन, बारा नंबरची ट्राम. ती निबंधवाली मुलगी कुठं असेल तिला शोधून आधी सांगा. तिनं खरंच होता का विचारलं होतं ना, तिला म्हणावं, तो नव्हता. ही आहे.

व्हिसा मिळाला की या. थर्मास आणा. पाणी गळ्यातून खाली जाईल, असं बाई म्हणतात. मी थोडे दिवस पाटीवर लिहीन, मग झडप बसेल, मग कुणाच्या तरी आवाजात बोलेन. तुम्ही आलात की कुशल विचारत बसू नका. टाऊन हॉलमध्ये जिथं थांबलो तिथून सुरू करा. उभे राहून, त्याच शब्दांत, माननीय वक्त्यांनी कृपया सांगावं. उत्तर देईन. फक्त मी गळ्यावर बोट ठेवीपर्यंत थांबा.

प्रभा